एक नंबर, एक ठिपका

चांदभाईंचं पत्र येऊन सव्वीस दिवस झाले होते. मारुतरावांनी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र चार ओळींचं. 'आमच्या गल्लीत घरोघरी ताप आहे. तुम्ही आजाराच्या नकाशासमोर बसता. नात इरम, तिला मावशीकडे लोणावळ्याला धाडू की तळवड्यातच ठेवू? तुम्ही म्हणाल तसं करतो.'

दोघांनी बावीस वर्षं एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशिनींवर काढली होती. त्या मशिनींनी चांदभाईंचे कान नेले. मोबाइल होता, पण ऐकू येत नसे, म्हणून बोलणं पत्रातून. मारुतराव जेवणाच्या सुटीतही पुस्तक घेऊन बसत. "त्यांना विचारा, ते वाचून सांगतात," असं चांदभाई सगळ्यांना सांगत.

निवृत्तीनंतर मारुतराव कासारवाडीच्या एका संस्थेत विनामोबदला बसू लागले. औषधांच्या दुकानांमधली तापाच्या गोळ्यांची बिलं तिथल्या संगणकावर येत. बिलावर गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर असे. एक नंबर म्हणजे एक रुग्ण, नकाशावर एक ठिपका. रोज गोळ्या नेणाऱ्या एकाच माणसाचे दहा रुग्ण व्हायला नकोत, म्हणून हा नियम मारुतरावांनीच चाचरत सुचवला होता. त्यांची सूचना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मानली होती.

गल्लीत पाच ठिपके झाले की डास मारायच्या फवारणीची गाडी निघे. चांदभाईंच्या गल्लीत एकच ठिपका होता. शेवटचे आकडे ४४७१. चांदभाईंचाच नंबर.

"काका, तुमचे दोस्त नकाशावर आले का आज?" शेजारच्या टेबलावरची तनुजा रोज विचारायची.

"आले. कालचं बिल आहे."

"म्हणजे चालते-फिरते आहेत. आता लिहा की उत्तर. नाहीतर भांडायला इथंच येतील."

मारुतराव हसले. आत काही हललं नाही. आपण सांगायचं आणि ते चुकायचं, या भीतीला इतके दिवस झाले होते की आता भीतीही बोथट झाली होती.

सव्विसाव्या दिवशी त्यांनी लिहिलं. 'गल्लीत तापाचा रुग्ण एकच, तुम्ही. बाकी ऐकीव गोष्टी. इरमला कुठंही धाडू नका. औषध चुकवू नका.'

पत्र हातात द्यावं म्हणून ते बसने तळवड्याला गेले. गल्लीच्या तोंडाशी पाय अडला. चांदभाईंशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. सव्वीस दिवसांच्या उशिराची माफी अख्ख्या गल्लीनं ऐकायची. कोपऱ्यावर मेडिकल होतं, बाहेर टपालाची लाल पेटी. त्यांनी पत्र पेटीत सरकवलं. आत पडल्याचा आवाज ऐकला.

आलोच आहोत तर रक्तदाबाच्या गोळ्या घ्याव्यात, म्हणून ते मेडिकलमध्ये शिरले. पुढे तिघं होते.

"तापाच्या द्या," एक बाई म्हणाली.

"नंबर?" दुकानदार शेखरने विचारलं. तिने सांगितला. शेवटी ४४७१.

तिच्या मागे कंपनीच्या गणवेशातला माणूस होता, त्यानेही तापाच्याच मागितल्या. नंबर तोच. तिसऱ्याने नंबर सांगितलाही नाही. शेखरने आपणहून टाकला.

मारुतराव काउंटरशी आले. "हा नंबर चांदभाईंचा ना?"

"व्हय. अख्खी गल्ली त्योच देती, काका. ही भाडेकरू मंडळी, महिन्याला सिम बदलत्यात. आमच्या मशिनीत नंबर टाकल्याबिगर बिल न्हाई निघत. चांदभाईच म्हनले, माझा सांगा, मला कुटं कुनाचा फोन ऐकू येतोय."

"ते... बरे आहेत ना?"

शेखरने गोळ्या कागदी पिशवीत घातल्या.

"त्यांना जाऊन अठरा दिस झाले. त्यांच्या घरवालीला, नूरबीला आमी रोज सांगतोय, नातीला तरी हितनं हलवा. न्हाई ऐकत. म्हनती, मालक सांगून गेल्यात, मारुतरावांचं पत्र येईल, त्यात लिवलं आसंल तसंच करायचं."