कोऱ्या ढिगातला रुपया

“चूक! उचल तो. कोऱ्यांत न्हाई बसायचा.”

बसलिंगप्पा सराफांनी नुसतं बोट फिरवून रुपया सुनेकडं परत ढकलला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण बोटं अजून तल्लख. शांतम्मानं तो उचलला. समोर निजामाच्या हाली रुपयांचे तीन ढीग होते: कोरा, चालता आणि गुळगुळीत. सराफाची सून भरदुपारी गादीवर बसलेली बघून उदगीरच्या बाजारातला येणाराजाणारा मान वळवत होता. वळवेना का!

“पुन्हा ऐक,” म्हातारा म्हणाला. “रुपयावरच्या चारमिनारचे शेंडे बघ. जे उंच असतंय ते आधी झिजतंय. शेंडे टोकदार, तर कोरा. शेंडे बोथट, पर कमानीतलं अक्षर दिसतंय, तर चालता. अक्षर बी गेलं, तर गुळगुळीत. आन् कुठं खाच असली तर नख फिरव. खाच बी बोथट, तर ती जुनी. रुपया झिजलेला आन् खाच नखाला टोचती, तर ती कालपरवाची. माणूस काय बी सांगंल. आपुन रुपयाचं ऐकायचं.”

शांतम्मा हो हो म्हणायची, पण चित्त कुठं थाऱ्यावर होतं? रस्त्यावर चप्पल वाजली की हातातलं नाणं निसटायचं. तिचा नवरा शरणप्पा रझाकारांच्या धाकानं सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेला, त्याला सहा महिने होत आले होते. जाताना त्यानं दुकानातला एक कोरा रुपया उचलला आणि बापाच्या छिन्नीनं त्याच्या कडेला खाच पाडली. छिन्नीचं टोक तुटकं होतं, म्हणून खाच दुहेरी उमटली. “ही माझी खूण,” तो म्हणाला होता. “जो हा रुपया आणंल, तो माझा माणूस.”

“आरं, त्या सालाचा कोरा एवढा एकच हाय!” बसलिंगप्पा चिडले होते.

“म्हणूनच न्यायलोय, आप्पा.”

मग आषाढात लातूरचा कुणी माणूस आला आणि म्हाताऱ्याशी दाराआड बोलून गेला. “धंद्याचं हाय,” एवढंच सासऱ्यांनी सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी सुनेला हाक मारली, “ये, गादीवर बस. शिक.” त्याला आता दीड महिना झाला होता.

आतल्या खोलीत सासू नीलाबाईनं अंथरूण धरलं होतं. “खूण आली का गं?” एवढाच तिचा ध्यास. चार दिवसांपासून तर तिनं पेजसुद्धा टाकली होती.

“सराफांचं दुकान हेच का?”

दारात एक गाडीवान उभा होता. लोह्याचा दगडोबा म्हणून नाव सांगितलं त्यानं. “शरणप्पा खुशाल हायती. ही खूण दिलीया,” म्हणत त्यानं गादीवर रुपया ठेवला.

“कसे हायत? वाळलेत का? काय निरोप?” शांतम्मा अर्धी उठलीच.

“खुशाल हायती, वैनी.” मान वर न करता तो वळला. ना भाडं मागितलं, ना पाणी प्याला.

आतून नीलाबाईची हाक आली. “शांते! खूण हाय का? तू बघ! ह्यांचे डोळे गेलेत, ह्यांचं न्हाई ऐकायची मी. तू सांग, खरी हाय का?”

शांतम्मानं रुपया उजेडात धरला. साल तेच. कडेला दुहेरी खाच. आनंदानं तिला हसू फुटलं, रडूही फुटलं. आणि मग तिला शेंडे दिसले.

बोथट होते. कमानीतलं अक्षरही पार पुसलेलं. सहा महिन्यांत एवढा? वीस वर्षं बाजारात फिरल्याशिवाय रुपया एवढा झिजत नाही. तिनं खाचेवरून नख फिरवलं. खाच टोचली.

आणि छिन्नी तर कधी दुकानाबाहेर गेलीच नव्हती! तिनं गादीखालून ती ओढून काढली. तुटक्या टोकाला चांदीचा कीस चिकटलेला होता.

तिनं सासऱ्यांकडं बघितलं. ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरलेले. लातूरचा तो माणूस तिला आठवला. न जेवलेला तो दिवस आठवला. तो निरोप धंद्याचा नव्हता. ऊर फोडून ओरडावं, कपाळ आपटून घ्यावं असं तिला वाटलं.

“शांते! बोल की गं!”

तिनं पदर तोंडात कोंबला, मग काढला.

“खरी हाय, आत्याबाई. त्यांचीच खूण हाय. उठा, पेज घ्या.”

आत वाटी वाजली. नीलाबाई देवाचं नाव घेत रडत होती आणि रडता रडता पेज पीत होती.

शांतम्मानं तो रुपया कोऱ्यांच्या ढिगावर ठेवला. बसलिंगप्पांनी चाचपडत हात पुढं केला. नेमका तोच उचलला. शेंड्यांवरून बोट फिरवलं, खाचेवरून फिरवलं. मग हळूच कोऱ्यांतच परत ठेवला.

दीड महिन्यात पहिल्यांदाच त्यांनी तिची चूक काढली नाही.