मावशींच्या हातचं पाणी

सकाळी मावशींच्या गीझरचा रिले बदलताना मेकॅनिकने घाईत तारांची अदलाबदल केली होती. करंट तोडणारा तो रिले करंटच्या फेजऐवजी न्यूट्रलवर बसला. म्हणजे बटण बंद केलं तरी आत करंट राहणारच. जेवताना हे लक्षात आलं, तसा तो ताटावरून उठून धावत सुटला.

मावशींनी दार उघडलं. केस ओले होते.

"आंघोळ केलीत?"

"मघाशीच. पाणी छान तापलं होतं रे. केवढा घामाघूम झालायस! थांब, पाणी आणते."

त्याचा जीव भांड्यात पडला.

मावशी पेला घेऊन जवळ आल्या, तसा त्याच्या खिशातला टेस्टर पेटला. एरवी तो फक्त फेजच्या तारेला लावल्यावर पेटायचा.

"घे ना," म्हणत त्यांनी ओला हात पुढे केला.

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.