दुसरा टेक

झाडकाकांचा आवाज नेमका हवा तिथे भरून आला आणि ध्वनिमुद्रकाने हात वर केला. "थांबा. माइकचा सेल सुरुवातीपासूनच गेलेला दिसतोय."

दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला. उजाड टेकडीवर निलगिरीची बत्तीस हजार झाडं उभी करणारा माणूस पंचवीस मिनिटं छान बोलला होता, आणि सगळं मुकं गेलं होतं. येत्या रविवारी काकांना जीवनगौरव मिळायचा होता. तिथे हाच माहितीपट दाखवायचा होता.

"पुन्हा सगळं?" काकांनी विचारलं.

"अगदी तस्संच, काका. 'मी झाडं लावली' इथपासून."

शेजारच्या खुर्चीत काकांची थोरली बहीण बसली होती. चौकटीत घरचं माणूस शोभतं म्हणून तिला टेकडीखालच्या घरातून आणलं होतं. तिला काम एकच, मान डोलावण्याचं. पहिल्या खेपेला तिने तेही केलं नव्हतं.

"त्याला पाठच आहे," ती ध्वनिमुद्रकाला म्हणाली. "झाडं लावली, झाडं लावली. माझ्या विहिरीची वाट लावली, ते कधी बोलतो?"

ध्वनिमुद्रक खुदकन हसला. काका हसले नाहीत.

"ताई, पाऊस कमी झालाय."

"पाऊस काय एकट्या माझ्या विहिरीवर रुसला?"

सेल बसला. कॅमेरा सुरू झाला. काकांनी एकदा ताईकडे पाहिलं.

"मी झाडं लावली," ते म्हणाले. "चुकीची लावली. भराभर वाढतात म्हणून लावली. टेकडीच्या पोटातलं पाणी पिऊन ती वाढली आणि खाली ताईची विहीर आटली. हे मला वीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. पण तोवर दोन पुरस्कार घरात आले होते, तिसरा वाटेत होता."

दिग्दर्शिकेच्या डोळ्यांपुढून रविवारचा सोहळा, पाहुणे आणि पुढचं काम ओळीने निघून गेलं.

आधी बोलली ती ताई. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "बाई, एवढं कापून टाका. मला ऐकायचं होतं, ऐकलं. चारचौघांत त्याची शोभा कशाला?"

दिग्दर्शिकेला हायसं वाटलं. तिने कॅमेरा बंद करायची खूण केली.

"चालू ठेवा," काका म्हणाले. "यातलं अक्षरही कापायचं नाही. कापायचीच असतील तर माझी झाडं कापा."