पुढचा लाल दिवा

दम्याने बेजार झालेल्या आईला घेऊन दुर्गेश दरेकशाहून सालेकशाच्या दवाखान्याकडे निघाला, तोवर अंधार पडला होता. जुन्या गाडीचे हेडलाइट मंदावत मंदावत पार पिवळट झाले. दोन्हीकडे जंगल, समोर रस्ता जेमतेम दिसणारा. गाडी पळवताही येईना, थांबवताही येईना.

"काऊन एवढी हळू चालवून राहिला रे?" मागच्या सीटवरून आईने धापा टाकत विचारलं. तो स्टिअरिंगवर आणखी पुढे वाकला.

तेवढ्यात पुढे एका मोटारसायकलचा मागचा लाल दिवा दिसला आणि त्याच्या जिवात जीव आला. दिवा वळला की तो वळायचा, दिवा हळू झाला की तो ब्रेक दाबायचा. एका अवघड वळणावर मात्र तो दिवा थांबलाच.

दुर्गेशने काच खाली करून हाक दिली, "भाऊ, थांबू नका जी! मले काहीच दिसत नाही, तुमच्याच भरवशावर येऊन राहिलो."

मोटारसायकलवाल्याने मागे वळून पाहिलं. त्याची बायको बाळाला पोटाशी घट्ट धरून बसली होती.



"आमचा तं समोरचा लाइटच बंद हाये, भाऊ. आमी तुमच्याच उजेडात चाललो होतो."