उंबऱ्यावर घेतलेलं नाव

"अगं, घे की नाव! आइस्क्रीम वितळतंय तिकडे," चुलत सासूबाई केतकीच्या कानाशी कुरकुरल्या.

उंबऱ्यावर माप ठेवलेलं, नणंदांनी दार अडवलेलं. केतकीने तोंड उघडलं आणि जत्रेतला पाळणा झपकन खाली येताना होतं तसं पोटात झालं. ही खूण तिच्या ओळखीची होती.

त्यानंतर कानावर आला तो एकदम हशाच. "लाजली बाई! पदराशी कसा चाळा करत होती!" जावेने नक्कलही करून दाखवली.

"लाजाळूच आहे हो पहिल्यापासून," पाठराखीण म्हणून आलेली तिची आई घाईघाईने म्हणाली. चार माणसांत आजाराचं नाव काढायचं नाही, असं तिच्या आईचं आणि सासूबाईंचं ठरलं होतं. फक्त नवरा घड्याळ बघून, ठीक ना, असं नजरेने विचारत होता.

म्हणजे आता जन्मभर लाजाळू म्हणून मिरवायचं? उद्या फोडणी जळाली तर काय सांगायचं, कढईला लाजले? केतकीला हसूच फुटलं. आईकडे न बघता तिने खणखणीत आवाजात नाव घेतलं,

"अधूनमधून येते मला मिनिटभराची फिट,
निनादरावांचं नाव घेते, होऊन जरा धीट!"