न्हाणीमागची ओल

न्हाणीचं पाणी मागच्या अंगणात साचून डबकं व्हायचं आणि माझी रांगती लेक नजर चुकवून तिकडंच निघायची. पोळी तव्यावर टाकून मी धावायची. तिथं काहीतरी दाट लावू या म्हटलं, तर मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नागपूरहून गुलाबाची कलमं आणली आणि त्या चिखलात लावली. ती मुळापासून कुजली.

"सून बी.ए. झाली, पण हातात बरकत नाई," ते म्हणाले.

मग मी नाल्याकाठच्या निर्गुंडीच्या फांद्या आणून खोचल्या. तिला ओलच लागते.

"रान लावून राह्यली काय अंगणात? हेच शिकली कॉलेजात?"

लेक चालायला लागेपर्यंत निर्गुंडी माझ्या डोक्याच्या वर गेली होती. डबकं तिनं पिऊन टाकलं होतं. अल्लीपूरचे पाहुणे बघतच राहिले.

मामाजी खाटेवर ऐसपैस बसत म्हणाले, "जागा पाहून झाड लावा लागते, लक्ष्मणराव. ओलीत गुलाब लावणं म्हणजे निव्वळ येडेपणा!"

"असे गुलाब लावले कोणं?"

"कोण लावन? आमच्या सूनबाईनं. बी.ए. हाये ना!"

मी चहाचे कप पुढं केले. "खरं हाये मामाजी. ते गुलाब लावणाऱ्याएवढं येडं माणूस या घरात दुसरं नाई."

सगळ्यांत मोठ्यानं मामाजीच हसले.