पत्त्याची पडताळणी

आज सगळं जुळून आलं, तर नवऱ्याला तीन वर्षं वापरलेली पांढरी छोटी एसयूव्ही मिळणार होती, दलालाला कमिशन आणि फायनान्स कंपनीच्या तपासनिसाला एका भेटीचा मेहनताना. बायकोला काय मिळणार, असा रकाना फॉर्मवर नव्हता.

तपासनीस खुर्चीच्या कडेवर टेकला. सासूबाईंनी टेबलफॅन त्याच्याकडे वळवला.

“अर्जदार इथेच राहतात ना?”

“इथेच, इथेच,” सासूबाई लगबगीने म्हणाल्या.

“आजी, तुम्ही नको. नियम आहे, पत्नीने सांगायचं. त्या ‘नाही’ म्हणाल्या, तर कर्ज रद्द.”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. पोराची गाडी आता सुनेच्या जिभेवर येऊन थांबली होती.

सुनेने पाण्याचा पेला ठेवला, पदराला हात पुसले.

“हो. इथेच राहतात.”

“किती वर्षं?”

“लग्नापासून. नऊ वर्षं झाली.”

“त्यांची एखादी वस्तू दाखवता? लिहावं लागतं.”

सासूबाई आतून शर्ट घेऊन आल्या. कडक इस्त्रीचा, घडीही न मोडलेला. तपासनिसाने फॉर्मवर खूण केली.

“गाडीला तुमची हरकत नाही ना, वहिनी?”

“माझी कसली हरकत? पण हप्ता झेपेल का यांना? माझ्यापुढे तर कायम खडखडाट असतो.”

तपासनीस हसला. “बायकोला खरा पगार सांगणारा नवरा मला अजून भेटायचाय.” त्याने फॉर्म तिच्याकडे फिरवला.

तिने चष्मा लावला. कंपनीचं नाव वाचलं, विभाग वाचला, मग आकडा.

“अगंबाई! एवढा?”

“भत्ते धरून.”

“फोटो काढून ठेवू? भांडायला बरा पडेल.”

“काढा. फक्त माझं नाव सांगू नका.”

यावर सासूबाईसुद्धा हसल्या. सुनेच्या बोलण्यावर त्या हसल्याला बरेच दिवस झाले होते.

“आता जामीनदार. घर आजींच्या नावावर आहे, तेव्हा सही त्यांची.”

सासूबाई थबकल्या. “हप्ता चुकला तर?”

“तर तुमच्याकडे येऊ. पण एवढ्या पगाराचा माणूस कशाला चुकवेल?”

पेन सुनेनेच पुढे केलं. सासूबाईंनी एकेक अक्षर जपून काढत पूर्ण नाव लिहिलं.

कर्ज आठवड्यात मंजूर झालं. नवरा गाडी घेऊन थेट आपल्या घरी गेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथला पत्ता सासूबाईंनी सात वर्षांत सुनेला किंवा कोर्टाच्या माणसाला कधीच सांगितला नव्हता. ‘ठावठिकाणा नाही’ असा शेरा घेऊन पडून राहिलेला त्याच्याच मुलीच्या पोटगीचा हुकूम या वेळी त्याच्या कंपनीच्या पगार विभागात पोचला. महिनाअखेरीस सात वर्षांची थकबाकी त्याच्या पगारातून कापायला सुरुवात झाली, आणि गाडीचा पहिला हप्ता सासूबाईंच्या पेन्शनमधून गेला.